घंटेची जीभ

नाशिकला माणसं त्र्यंबकेश्वराला जातात, वणीच्या देवीला जातात, हल्ली द्राक्षांच्या मळ्यात राहायला म्हणूनही जातात. मी अकरा किलोची फुटकी घंटा घेऊन गेले. परत आल्यापासून गावात जो भेटतो तो "बाई, नाशिक कसं आहे?" म्हणून विचारतो आणि मी "थंड आहे" एवढंच सांगते. ते काही पूर्ण उत्तर नव्हे. पूर्ण उत्तर लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीला लागून. तिथल्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे कुणाचा मिक्सर बंद पडला, विहिरीचं पाणी मचूळ झालं, पोराला चष्मा लागला, की "बाईंना विचारा" अशी गावात पद्धत आहे. मिक्सरचा आणि माझा काही संबंध नाही. तरी मी उत्तर देते, कारण "मला माहीत नाही" असं म्हणायची मला सवय नाही.

दसरा झाला आणि ग्रामदेवीच्या देवळातली मोठी घंटा तडकली. ऐन आरतीत तिचा आवाज फुटक्या परातीसारखा झाला. दोष आला विश्राम गुरवावर. विश्राम माझा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा. घंटेचा मान त्याच्या घराण्याचा, आजा-पणजापासूनचा. सभेत देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, "विश्राम घंटा वाजवत नाही, बडवतो." विश्राम मान खाली घालून उभा होता. एक अक्षर बोलला नाही. मलाही वाटलं, चुकला असेल म्हणूनच गप्प आहे. त्याचा मान काढून घेतला आणि देवळात विजेवर चालणारं घंटा-नगाऱ्याचं यंत्र आलं. त्याचं बटण अध्यक्ष दाबतात. विश्राम आरतीला येतो, खांबापाशी हात जोडून उभा राहतो आणि जातो.

जुनी घंटा पुन्हा ओतून घेता येईल का, हा प्रश्न अर्थात माझ्याकडे आला. मी म्हटलं, न यायला काय झालं? तांबं आणि कथील वितळतं, थंड झालं की पुन्हा घट्ट होतं, सातवीच्या पुस्तकात आहे. मग ज्याला पुस्तक पाठ आहे त्यानेच घंटा न्यावी असं ठरलं. वर अध्यक्षांनी कल्पना काढली की घराघरांतून पितळेची एकेक वस्तू घ्यायची आणि नव्या घंटेत घालायची, म्हणजे घंटा सगळ्यांची होईल. मी दारोदार फिरले. चमचे, निरांजनं, झाकण हरवलेला कुंकवाचा करंडा, एक नळाची तोटी, एक कुलूप. कुलपाची किल्ली कुणाकडे नव्हती म्हणून ते देवीला. विश्रामच्या बायकोने पळी दिली. प्रत्येकीला मी शब्द दिला की तुझं पितळ घंटेत जाईल.

चिपळूणच्या स्टँडवर एसटीत चढताना कंडक्टरने पोत्याला पाय लावून बघितला.

"काय आहे यात?"

"घंटा."

"आजी, मी सरळ विचारतोय ना?"

"मीही सरळच सांगते आहे. घंटा."

मागच्या बाकावरून हसण्याचा मोठा आवाज आला. हा शब्द हल्ली "काही नाही, चालते व्हा" अशा अर्थाने वापरतात, ही माझ्या ज्ञानात त्रेसष्टाव्या वर्षी पडलेली भर. शेवटी पोत्याचं तोंड सोडून दाखवलं. कंडक्टरने तडा पाहिला, दोन्ही हात जोडले आणि सामानाचं तिकीट फाडलं.

एकलहऱ्याच्या वाटेवर

नाशिकरोड ओलांडून एकलहऱ्याच्या रस्त्याला लागलं की वीज केंद्राची धुराडी दिसायला लागतात. त्यांच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांचं ओतकाम चालतं. अण्णा म्हणजे सत्तरीचे ओतारी. मिश्या पांढऱ्या, पण उजव्या बाजूची अर्धी जळकी. पूर्वी त्यांचं दुकान जुन्या नाशकात होतं. शेजाऱ्यांनी धुराची तक्रार केली म्हणून इकडे आले.

"हितं कोन तक्रार करनार?" धुराड्यांकडे हनुवटी करून ते म्हणाले. "त्यांच्यापुढं आपला धूर म्हंजी उदबत्ती."

हाताखाली सून, कल्पना. मेणाचं काम तिचं. घंटेची मापं आम्ही फोनवर आधीच कळवली होती, त्याप्रमाणे तिने मातीच्या गाभ्यावर मेणाची घंटा केली होती, तिच्यावर पुन्हा मातीचा जाड थर दिला होता आणि सगळं उन्हात वाळवलं होतं. आता भाजलं की मेण वितळून निघून जाणार आणि दोन मातींच्या मधे घंटेच्या आकाराची पोकळी राहणार. "म्हणजे आधी एक घंटा पातळ करायची, मग दुसरी घट्ट करायची," मी म्हटलं. कल्पना म्हणाली, "हो, पण जेवून घ्या आधी."

बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं वांगं, शेंगदाण्याचा ठेचा. उत्तम होतं. दोन भाकऱ्या झाल्यावर मी इकडेतिकडे बघायला लागले. कल्पनाने ओळखलं आणि वाटीभर भात आणून ताटाच्या कडेला ठेवला, औषध द्यावं तसा. आमच्याकडे त्याने जेवणाला सुरुवात होते. भाजीत नारळ नाही का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "नारळ देवाला लागतो ना."

सकाळी आंघोळीनंतर डोक्याला तेल लावायला बाटली उलटी केली तर काही बाहेर येईना. खोबरेल तेल गोठून पांढरंफटक झालं होतं. "द्रवाचे स्थायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस गोठणे म्हणतात," हे वाक्य मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि उदाहरण दिलं बर्फाचं. कोकणात दुसरं उदाहरण मिळत नाही. तिथे असलेले स्थायू टिकवता टिकवता जीव जातो. पावसाळ्यात मीठ पाझरतं, गूळ ढेपेतून वाहतो. आणि इथे जानेवारीतल्या एका रात्रीत माझं तेल थिजलं होतं. मी बाटली हातात घेऊन अंगणात उभी राहिले. कल्पनाने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि उन्हात ठेवली.

अण्णा पोतं उघडून बसले होते. आधी त्यांनी घराघरांचं पितळ बघितलं आणि बाजूला सारलं.

"हे नाय घालता येनार."

"का? पितळही वितळतंच की."

"वितळतंय. पन घंटा काशाची, तांब्या-कथलाची. काशात पितळ घातलं की बद्द वाजनार. जस्त असतं ना पितळात. देवीला बद्द चालती का?"

मी म्हटलं, "अण्णा, मी गावाला शब्द दिलाय."

"मग गावाला इचारा, आवाज पाह्यजे का शब्द पाह्यजे."

एवढं बोलून त्यांनी फुटकी घंटा मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. जिथून तडा सुरू झाला होता तिथे बोट थांबलं. मला म्हणाले, हात लावा. मी लावला. कडेवर एक खोल खाच होती आणि तिच्या आजूबाजूला तशाच बारीक बारीक खाचा, सगळ्या एकाच जागी.

"हिची जीभ कसली व्हती?"

आम्ही लोलक म्हणतो, ते जीभ म्हणतात. मी म्हटलं, "पूर्वी गोल होता, तांब्याचा की कशाचा. झिजला. मग बदलला."

"कसला घातला?"

"स्टीलचा बोल्ट. जाड. न गंजणारा."

"सहा कोनी डोक्याचा?"

"हो."

"त्यानंच फोडली," अण्णा म्हणाले. "जीभ घंटेपरीस मऊ पाह्यजे, आन् गोल पाह्यजे. जिभेनं झिजावं, घंटेनं नाय. ह्या बोल्टाचा कोपरा रोज एकाच जागी आपटलाय. हातानं कितीबी जोरात वाजवली आसती तरी असं व्हत नाय. कुन्या येड्यानं सांगितलं बोल्ट घालायला?"

येडी त्यांच्यासमोर बसली होती. शिमग्याच्या आधी विश्राम माझ्या पडवीत आला होता. "बाई, लोलक झिजलाय, काय घालू?" मी पेपर वाचत होते. पेपरातून वर न बघता म्हटलं, "स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घाल. गंजणार नाही." तो "बरं" म्हणाला आणि गेला. मी ते विसरूनही गेले. घंटा तडकली, सभा झाली, अध्यक्ष बोलले, मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि विश्राम समोर उभा होता. त्याने तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला इतकी लाज वाटली की मी उठून नळावर गेले आणि उगाच हात धुतले. परत आले तेव्हा अण्णा घराघरांच्या पितळाचा वाटा वजनकाट्यावर ठेवून बघत होते.

"ह्याची जीभ करू," ते म्हणाले. "काशापरीस मऊ हाय. समद्या गावाचं पितळ जिभेत. वाजंल घंटा, पन वाजवंल गाव. काय म्हनता?"

यापेक्षा बरी तोड मला एकतीस वर्षांत सुचली नसती. फक्त एक अडचण होती. गावाला सांगायचं तर पितळ घंटेत का नाही, हे सांगावं लागणार. मग जीभ वेगळी का, जुनी कशाची होती, ती कुणी सांगितली, हे सगळं ओळीने बाहेर येणार. काहीच न सांगता "घातलं सगळ्यांचं" म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. मी ह्या दुसऱ्या मार्गाचा चांगला तासभर विचार केला, हे कबूल करते.

दुपारी जुनी घंटा वितळवून रस ओतला. वितळलेल्या धातूला अण्णा रस म्हणतात. साचा खड्ड्यात उभा पुरला होता, तोंड तेवढं वर. भट्टीतल्या मुशीवर आधी हिरवट ज्वाळा होती, मग रस नारिंगी दिसायला लागला. ओतायला घेण्याआधी अण्णांनी मला बजावलं की रस गोठेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

"का?"

"माझा बाप बोलू देत नव्हता."

"पण कारण काय?"

"बापाला इचारायची टाप नव्हती."

रस साच्यात उतरला, तोंडाशी येऊन थांबला आणि आता झालं असं वाटेपर्यंत मधोमध खाली जायला लागला. वर बशीसारखा खळगा पडला. अण्णांनी राखून ठेवलेला रस थोडा थोडा त्यात सोडला. तो भरला, पुन्हा खाली गेला, पुन्हा भरला. गोठताना धातू आक्रसतो, आतून आणखी रस मागतो. वेळेवर दिला नाही तर घंटेच्या पोटात पोकळी राहते आणि ती बाहेरून कधी दिसत नाही. पाणी गोठताना फुगतं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवलं. बाकीचे पदार्थ आकसतात, हे "अपवाद वगळता" अशा दोन शब्दांत उरकत होते. अण्णा त्या दोन शब्दांपाशी अर्धा तास वाकून उभे होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मिशीत उतरत होता आणि ते पळीपळीने रस पुरवत होते.

जिभेचा साचा लहान, तो लगेच भरला. पितळ ओतताना पांढरा धूर निघाला. कल्पना हळूच म्हणाली, "जस्त जळतंय," आणि अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं की ती बाहेर गेली.

साच्याच्या तोंडावर राख पसरून झाली आणि बोलायची परवानगी मिळाली, तोच अध्यक्षांचा फोन.

"बाई, घातलं ना सगळ्यांचं पितळ घंटेत?"

मी म्हटलं, "इथे रेंज नाही." हे मी त्यांना फोनवर सांगितलं आणि ते "बरं बरं" म्हणाले.

सायखेड्याचा एक दिवस

घंटा थंड व्हायला एक दिवस द्यायचा होता. घाईने साचा फोडला तर गरम काशाला गार वारा लागून नवी घंटाही तडकते. कल्पना सायखेड्याला माहेरी निघाली होती, मीही गेले. गोदावरीच्या काठाला वारा असा सुटला होता की मी साडीवर कल्पनाच्या भावाचं जर्किन घातलं. तिच्या आईने चुलीपाशी बसवलं आणि गरम गुळवणी दिली. आमच्या गावात पाहुण्याला आधी कोकम सरबत देतात. त्या थंडीत सरबत दिलं असतं तर मी तिथेच गोठले असते.

घाटाच्या पायरीवर बसून मी कल्पनाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि ओलं पायताण आपटून वाळू झाडत होती.

"मग सांगून टाका की गावाला," ती म्हणाली.

"एवढं सोपं आहे का?"

"नाही. पण दुसरं काय आहे त्याच्यात करण्यासारखं?"

मी विश्रामला फोन लावला. त्याने थंडीची चौकशी केली, भात मिळतो का ते विचारलं. मग मी विचारलं, "विश्राम, तो बोल्ट घालायला तुला कुणी सांगितलं होतं, आठवतं?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "नाय आठवत, बाई. लय दिस झाले."

शिमगा ते जानेवारी, वर्षसुद्धा झालं नव्हतं. या माणसाला देवळातल्या प्रत्येक समईची वात कोणत्या दिवशी बदलली ते आठवतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग रडले. कल्पनाने नदीकडे तोंड केलं आणि मला रडू दिलं.

साचा फोडला तो दिवस

अण्णांनी लहान हातोडीने माती फोडली. आतून काळी, खरबरीत, ओबडधोबड वस्तू निघाली आणि मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "पोर जन्मल्याबरोबर देखनं नसतं." दुपारपर्यंत कानशीने घासून तिला रंग आला. आडव्या लाकडी बल्लीला टांगली, पितळेची गोल जीभ बसवली. अण्णांनी जीभ दोन बोटांत धरून नुसती सोडली. आवाज निघाला आणि राहिला. शेडबाहेर जाणारा सायकलवाला पाय टेकून थांबला. आवाज संपला असं वाटलं तरी पत्र्याला हात लावला तर तो थरथरत होता. अण्णांनी मिशीच्या जळक्या बाजूवरून बोट फिरवलं.

संध्याकाळी आरतीच्या वेळेला अध्यक्षांनी व्हिडिओ कॉल लावला. सगळा गाव देवळात जमला होता. कल्पनाने फोन माझ्यासमोर धरला.

"वाजवा बाई!" अध्यक्ष म्हणाले. "प्रत्येकाला आपापलं पितळ ऐकायचं आहे."

"वाजवणार आहे. आधी दोन गोष्टी ऐका," मी म्हटलं. वर्गात बोलते तसंच बोलले, दुसरं जमत नाही. "एक. तुमचं पितळ घंटेत नाही. घंटेत घातलं असतं तर ती बद्द झाली असती. ते सगळं हिच्या जिभेत आहे. दोन. जुनी घंटा विश्रामने बडवून फुटली नाही. स्टीलच्या बोल्टने फुटली. त्याच्या हाताचा काही दोष नव्हता. बोल्ट घाल असं त्याला मी सांगितलं होतं. पेपर वाचता वाचता, न बघता, न विचारता सांगितलं. तुम्ही त्याला सभेत उभा केलात तेव्हा मी समोर खुर्चीवर बसले होते."

पडद्यावर कुणीच हलेना. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तिसऱ्या रांगेतल्या एकीने दंडावरचा डास मारला, तेव्हा कळलं की नेटवर्क आहे.

खांबापासून विश्राम पुढे आला. फोनसमोर येऊन हात जोडून उभा राहिला, पण बोलला अध्यक्षांशी.

"तसं नाय हो. बाई स्टील म्हनाल्याच नव्हत्या. माज्याच ऐकण्यात चूक झाली असंल. शाळेतपन माजं ध्यान नसायचं, बाईंना विचारा."

शाळेत ह्या माणसाला मी शंभरदा तरी म्हटलं असेल, विश्राम, नीट ऐकत जा.

"विश्राम," मी म्हटलं, "तू नीट ऐकलं होतंस. मी चुकीचं सांगितलं होतं."

तो उपरण्याचं टोक तोंडावर धरून जागच्या जागी खाली बसला. त्याच्या शेजारी अध्यक्षही बसले. फोन त्यांच्या हातात होता, त्यामुळे मला आता देवळाचं छप्पर तेवढं दिसत होतं.

"विश्राम," छपराखालून अध्यक्षांचा आवाज आला, "घंटा आली की तूच वाजव, बाबा."

विश्राम म्हणाला, "वाजवीन. हळूच वाजवीन."

"हळू कशाला?" मी छपराला म्हटलं. "नेहमीसारखी वाजव."